खळ्याचा फेर

फक्कीची रेषा सरळ यावी असे वाटत असेल, तर आधी दोन खुंट्या ठोकून सुतळी ताणावी लागते. सुतळी ढिली राहिली की रेषा मध्येच पोट काढते. चुन्याची भुकटी मुठीत आवळून धरू नये. बोटे सैल ठेवावीत, हात जमिनीच्या जवळ असावा आणि चालण्याचा वेग शेवटच्या खुंटीपर्यंत बदलू नये. जिल्हा परिषदेच्या शाळांतून नोकरी करताना मी हे काम दर वर्षी केले. कबड्डीचे मैदान, खो-खोचे मैदान, प्रजासत्ताकदिनाच्या संचलनाच्या रांगा, सगळे माझ्या हातचे असे. तुमच्या मैदानावर फूटपट्टी ठेवली तरी चालेल, असे एका तपासणीत केंद्रप्रमुख म्हणाले होते. त्या वाक्याचा मला बरीच वर्षे अभिमान होता.

आता मी निवृत्त आहे आणि गावातच राहतो. ज्या रेषांविषयी येथे लिहायचे आहे, त्या मी निवृत्तीनंतर आखल्या. आठ दिवसांत त्या पुसल्याही गेल्या. परंतु त्यांच्यामुळे आमच्या गावाची खळवाडी गेली आणि खळवाडीबरोबर अंगणवाडी गेली. हे कसे घडले ते मी क्रमाने सांगतो, कारण गावात ते उलटसुलट सांगितले जाते.

खळवाडी म्हणजे पिकांची मळणी करण्याची जागा. आता सोयाबीन बहुतेक शेतातच यंत्रातून निघते. पण तूर वाळवणे, हरभरा पसरणे, कुटाराचे, म्हणजे भुश्याचे, ढीग घालणे, गुरे बांधणे या कामांना खळवाडीशिवाय भागत नाही. लग्नाच्या पंगतीही तिथेच उठत. आमची खळवाडी लोणारकडे जाणाऱ्या सडकेला लागून, गावठाणाच्या आतच आहे. तिचा आकार गाडग्यासारखा: सडकेकडे तोंड अरुंद, आणि आत नाल्यापर्यंत पोट मोठे. तिच्यावर बावीस घरांची वहिवाट. प्रत्येक घराच्या जागेला चार कोपऱ्यांत चार गोटे ठेवलेले असत. त्यांखेरीज हद्दीची दुसरी खूण नव्हती आणि कोणत्याही दप्तरात नोंद नव्हती.

या जागांची किंमत सारखी नव्हती. सडकेजवळची पहिली जागा सर्वांत सोयीची. तिला 'तोंडाची जागा' म्हणत. नाल्याकडची बाविसावी सर्वांत वाईट. पावसाळ्यात तिथे पाणी साचे आणि कुटार खालून कुजे. म्हणून पूर्वजांनी फेर ठरवून दिला होता. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रत्येक घराने एक जागा सडकेकडे सरकायचे. जे घर तोंडाशी असेल त्याने उठून नाल्याकडे जायचे. बावीस वर्षांत प्रत्येक घर एकदा तोंडाशी येई आणि एकदा नाल्यात जाई. तोंडाशी असलेल्या घरावर एक जबाबदारीही होती. आतल्या एकवीस घरांच्या बैलगाड्या त्याच्या जागेतून जात, म्हणून त्याने गाडीच्या चाकोरीएवढी वाट मोकळी ठेवायची आणि लग्न असेल तेव्हा झाडून द्यायची.

फेर सांगण्याचे काम एका म्हाताऱ्याकडे होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांना लिहिता येत नाही. आखाजीच्या सकाळी ते काठी घेऊन तोंडाशी उभे राहत आणि एकेका घराकडे काठी दाखवून म्हणत, "चला, उचला गोटे. रडू नोका, हसू नोका, बावीस वर्सानं पुन्ना याच जागी याचं हाये." त्यांची कधी चूक झाल्याचे मला आठवत नाही.

आता अंगणवाडीच्या ताईंविषयी. त्या माझ्या पहिल्या शाळेतल्या, पहिलीच्या वर्गातल्या विद्यार्थिनी. लग्न होऊन त्या आमच्या गावात आल्या आणि काही वर्षांनी अंगणवाडी सेविका झाल्या. गावाला अंगणवाडीची इमारत नव्हती, म्हणून ती त्यांच्या घराच्या ओसरीत भरे. ओसरीच्या एका टोकाला आजारी सासऱ्यांची खाट, दुसऱ्या टोकाला शेळी, आणि मध्ये गावातली लहान मुले. वजनकाटा आढ्याला टांगलेला. मूल झोळीत बसवले की सासरे खाटेवरून विचारत, "किती भरलं गं?" आणि आकडा ऐकून ते त्या मुलाच्या बापाविषयी काहीतरी बोलत. ताई खिचडी शिजवता शिजवता हसत.

इमारतीचा प्रस्ताव त्यांनी दोनदा पाठवला. दोन्ही वेळा एकाच शेऱ्यासह तो परत आला: जागेचा उतारा जोडावा.

दुसऱ्या वेळी त्या तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "सर, हे पाहा. पुन्ना वापस आलं. जागा दिसते सगळ्यायले, पन कागदावर नाई म्हनतात."

"जागा आहे का पण?" मी विचारले.

"खळवाडी हाये ना. तोंडाच्या बाजूले एक कोपरा भेटला तं लेकरायले अंगण बी होईन."

मी त्यांना म्हटले की हा प्रश्न ग्रामसभेत मांडा. त्यांनी मांडला, आणि त्या दिवशी ग्रामसभेने जे केले ते मी आजही विसरलेलो नाही. आबांनी तोडगा काढला: प्रत्येक घराने आपली जागा एकेक पाऊल आवळून घ्यायची, म्हणजे तोंडाच्या बाजूला अंगणवाडीपुरता कोपरा आणि गाडीची वाट दोन्ही निघतात. बावीस घरांचे बावीस हात वर झाले. माझे थोरले बंधूही तिथे होते. आमच्या चुली वेगळ्या असल्या तरी वाटणी झालेली नाही आणि घराचे कर्ते तेच. त्यांचा हात सर्वांत आधी वर गेला होता. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.

म्हणजे जागा होती आणि संमतीही होती. कमी होता तो फक्त कागद.

त्याच सुमारास गावठाणाची मोजणी होणार असल्याची दवंडी झाली. आकाशातून छायाचित्र घेणारे लहान यंत्र येणार होते. ग्रामसेवकांनी समजावून सांगितले की प्रत्येकाने आपल्या घराची आणि वापराच्या जागेची हद्द फक्कीने आखावी. जी हद्द वरून दिसेल ती नकाशात येईल. नंतर चौकशी होऊन ज्याच्या त्याच्या नावाची सनद मिळेल. कोणी तरी विचारले, "अन् ज्या जागेले आखलंच नाई, ते?" ग्रामसेवक म्हणाले, "ती मोकळी दिसंल. मोकळी म्हंजे सरकारची."

हे वाक्य ऐकून लोक घाबरले. खळवाडी सरकारची झाली, तर उद्या तिथे कुटार ठेवायलाही परवानगी लागेल, अशी चर्चा सुरू झाली. ताई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, खळवाडी तुमीच आखा. तुमचा हात सरळ चालते."

मी त्या रात्री नव्हे, भर दुपारी, वहीत आकृती काढून विचार केला. एवढे स्पष्ट सांगण्याचे कारण असे की ती चूक घाईत झाली नाही. माझा तर्क असा होता: नुसती बाहेरची चौकट आखली, तर आत रिकामे मैदान दिसेल, आणि रिकामे मैदान पाहून कोणीही म्हणेल की याचा वापर होत नाही. याउलट आत बावीस खळी वेगवेगळी आखली, तर बावीस घरांचा वापर एका दृष्टिक्षेपात सिद्ध होईल. शाळेत आम्ही मुलांना हेच शिकवतो, की उत्तर नुसते लिहू नका, रीत दाखवा. मी रीत दाखवायला गेलो.

दोन दिवस मी आखणी केली. गोट्याला गोटा जोडत सुतळी ताणली आणि चुन्याच्या चार पिशव्या संपवल्या. गोटे जुन्याच जागी होते, कारण एकेक पाऊल आवळणे येत्या आखाजीला गोटे उचलताना व्हायचे होते. आबा तोंडाशी दगडावर बसून पाहत होते.

"मास्तर, खळ्यात रेघ काऊन मारून राह्यले? खळं का कबड्डीचं मैदान हाये?"

"आबा, वरून फोटो निघणार आहे. एकदा फोटो निघाला की ही रेघ पुसून जाते."

"रेघ पुसते हो," आबा म्हणाले, "पन औंदाची रेघ औंदाचीच हाये, हे वरच्याले कोन सांगन?"

मी त्यांना म्हणालो, "चौकशीच्या वेळी मी सांगेन." आणि पुढची खुंटी ठोकली.

त्या वर्षी फेराप्रमाणे तोंडाची जागा आमच्या घराकडे होती. म्हणजे पहिला चौकोन मी आमच्याच घराचा आखला. ताईंचे घर तोंडापासून चौथे होते. यंत्र आले, मधमाशीसारखा आवाज करत गावावरून फिरले आणि गेले. मुलांनी हात हलवले. फक्की आठवडाभरात गुरांच्या पायांनी मिटली.

काही महिन्यांनी चौकशीचे अधिकारी नकाशा घेऊन आले. ते सभ्य गृहस्थ होते. पंचायतीच्या ओट्यावर नकाशा पसरला, तेव्हा मी तो पाहून क्षणभर सुखावलो. माझ्या रेषा तंतोतंत उतरल्या होत्या. बावीस चौकोनांना बावीस क्रमांक पडले होते. अधिकारी एकेक घर पुकारत आणि विचारत, "ही जागा तुमच्या वहिवाटीची आहे का?" प्रत्येकजण म्हणे, "हाव." ते खरेच होते. त्या वर्षी ती जागा त्यांच्याच वहिवाटीची होती.

तिसरे 'हाव' झाल्यावर माझ्या लक्षात आले की अधिकारी प्रत्येक क्रमांकापुढे एकेक नाव लिहीत आहेत. मी पुढे होऊन त्यांना फेर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकले.

"गुरुजी, फार सुंदर पद्धत आहे," ते म्हणाले. "पण माझ्याकडे रकाने तीनच आहेत. खाजगी, ग्रामपंचायत किंवा शासन. दर वर्षी नाव बदलणारा रकाना नाही."

"मग सगळी मिळून ग्रामपंचायतीच्या नावे घ्या."

"तसे नकाशात एकच क्षेत्र असते तर घेतले असते. इथे बावीस हद्दी आखलेल्या आहेत, बावीसही जण हजर आहेत आणि ज्याला विचारावे तो आपली म्हणतो आहे. आखणी कोणी केली?"

ओट्यावरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"मी केली," मी म्हणालो.

"फार व्यवस्थित केली आहे," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता.

तरी एक मार्ग उरला होता. ठरलेल्या मुदतीत बावीसही घरांनी लेखी कळवले असते, की ही जागा आमची एकेकट्याची नाही, सामाईक आहे, ती ग्रामपंचायतीच्या नावे घ्यावी, तर नोंद बदलता आली असती. मी अर्जाचा मसुदा केला, समास सोडून स्वच्छ अक्षरात लिहिला आणि घरोघर फिरलो. नाल्याकडच्या घरांनी लगेच सह्या केल्या. त्यांना खड्डा कायमचा नको होता. मधली घरे एकच गोष्ट विचारत होती: "दादानं केली का सही? त्यायनं केली की आमी करतोच."

दादा म्हणजे माझे बंधू. मी अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर चांगलं हाये," ते म्हणाले. मग चष्मा काढला. "येत्या आखाजीले आपलं घर कोठी जानार होतं?"

"नाल्याकडे."

"माईत होतं ना तुले? बावीस वर्सं पायली म्या या जागेची वाट. मांगच्या खेपेले ही जागा आली तवा माहं पोरगं शाळेत होतं. आता ते कारखान्यातून परत येऊन घरी बसलं. त्याले सडकीवर वेल्डिंगचं दुकान टाकता येते. हे सोडून म्या नाल्यात जाऊ?"

"ग्रामसभेत तुम्ही हात वर केला होता, दादा."

"तवा जागा कोनाचीच नव्हती. जे आपलं नाई, ते द्याले हात कोनाचाबी वर होते." ते उठले. "अन् रेघ म्या नाई मारली. तू मारली."

त्यांनी सही केली नाही. मधल्या घरांनीही केली नाही. अर्ज नऊ सह्यांवर अडला, मुदत संपली आणि सनदा तयार झाल्या.

वाचकाला वाटेल की मी घरातला दुसरा वाटेकरी असताना माझा हिस्सा तरी का सोडला नाही. मी तेही करून पाहिले. सनद कर्त्याच्या, म्हणजे दादांच्या नावे होती. माझा अर्धा हिस्सा मी अंगणवाडीसाठी देतो, असे पत्र घेऊन मी तालुक्याला गेलो. तिथल्या लिपिकाने सांगितले की आधी वाटणी करून आणा. बंधू संमती देत नसतील तर न्यायालयात जा. मी न्यायालयात गेलो नाही. एकाच विहिरीवर दोघांची शेते भिजतात आणि आमची आई अजून दादांकडेच जेवते. ही कारणे खरी आहेत. त्यांच्यामागे भित्रेपणाही होता आणि तो मी लपवीत नाही.

सनदांचे वाटप समारंभपूर्वक झाले. मंडप होता, हार होते. प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या वेष्टणात नकाशासह कागद मिळाला. लोकांनी तो कपाळाला लावला. त्या आनंदाला मी हसत नाही. आपल्या नावाचा सरकारी कागद ज्यांनी आयुष्यात प्रथम पाहिला होता, त्यांच्यासाठी ती मोठी गोष्ट होती. भाषणात सांगण्यात आले की आता गावाच्या विकासाचा मार्ग मोकळा झाला. ताई सासऱ्यांच्या नावाची सनद हातात घेऊन माझ्याजवळ आल्या.

"सर, आता उतारा तं झाला," त्या म्हणाल्या. "माह्याच जागेवर बांधू. बाजूच्या तीन घरायच्या बाया बी देतो म्हनतात. चार तुकडे जोडले की होते."

मला वाटले, या बाईला मी पहिलीत बेरीज शिकवली आणि ती अजून बेरीजच करीत आहे. सांगायला आनंद वाटतो की त्या चारही घरांनी खरोखर दानपत्रे लिहून दिली. मी ती लिहिली. प्रस्ताव तिसऱ्यांदा गेला आणि या वेळी परत आला नाही. अभियंते जागा पाहायला आले.

तोपर्यंत तोंडाच्या जागेवर दादांच्या मुलाचे दुकान उभे राहिले होते. पत्र्याची शेड, पुढे लोखंडाचा ढीग आणि शेडच्या कडेने आत जायला माणूस तिरपा होऊन जाईल एवढी फट. अभियंते सडकेवरच थांबले.

"आत गाडी कुठून जाणार?"

खळवाडीत रस्ता कधी आखलेला नव्हता. तोंडाच्या घराने वाट ठेवायची, एवढाच रस्ता होता, आणि तो मी आखला नव्हता, कारण तो दर वर्षी ज्याच्या त्याच्या अंगणात असे. नकाशात तिथे दादांचा चौकोन होता, अखंड. दुसऱ्या अंगाने नाला आणि बाकीच्या घरांनी एव्हाना घातलेली काटेरी तारेची कुंपणे.

"पोच रस्ता नाही," अभियंत्यांनी वहीत लिहिले. "रस्त्याचे संमतीपत्र आणा, मी थांबतो."

ताई आणि मी दादांकडे गेलो. ते शेडपुढे खुर्ची टाकून बसले होते.

"दादाजी, दहा फूट द्या फकस्त," ताई म्हणाल्या. "गाडी आत जाईन एवढी वाट."

"वाट हाये ना, बाई. मानूस जाते, बकरी जाते. लेकरं का टॅक्टरवर बसून येतात?"

"लेकरं येतील हो फटीतून. सिमिटाची गाडी नाई येत."

दादा हसले. ते वाईट मनुष्य नाहीत. ताईंच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेले, तेव्हा जीप दादांनीच आणली होती. ते म्हणाले, "दहा फूट देल्ले तं शेड अर्धी कापा लागते. पोराचं मशीन बसत नाई. तूच सांग, तुह्या पोराचं असतं तं तू कापली असती?"

ताई म्हणाल्या, "फेर असता तं कापाच लागली नसती. बांधलीच नसती कोनी."

"फेर आता कोठी हाये?" दादा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले.

आम्ही परत निघालो. पिठाच्या चक्कीवर तीन-चार जण बसले होते. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, "मास्तरानं मैदान आखलं, शिट्टीबी त्यायचीच, अन् गुनबी त्यायच्याच घरी." सगळे हसले. ताईंनी पदर सावरला आणि त्याला म्हणाल्या, "तुह्या घराची सही कोठी होती रे अर्जावर?" त्याने पिठाचा डबा उचलला. मला मात्र त्याचे म्हणणे खोडून काढता आले नाही. आकृती काढून पाहिली, तर ते बरोबरच होते.

त्यानंतरच्या दोन वर्षांत घडले ते थोडक्यात सांगतो. तारेच्या कुंपणांमुळे खळवाडीत पंगत बसत नाही. लग्नाचा मंडप आता सडकेच्या कडेला टाकतात. नाल्याकडच्या घरांनी आपले खड्डे भरले, तेव्हा पाणी मधल्या घरांकडे वळले आणि त्यावरून दोन भांडणे ठाण्यापर्यंत गेली. ताईंचे चार तुकडे जोडून झालेली जागा मध्यभागी रिकामी आहे. तिच्यावर बाभळीची रोपे उगवली आहेत. गावातला एकमेव सामाईक तुकडा आता तोच, आणि तिथे जाता येत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात पत्र आले. मंजूर इमारत जागेअभावी दुसऱ्या गावाला देण्यात आली आहे. ओसरीतील केंद्र नियमात बसत नसल्यामुळे ते त्याच गावच्या अंगणवाडीत सामावून घेण्यात येईल. ते गाव सडकेपलीकडे आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांनी ट्रकची सडक ओलांडून जावे, असे कोणाही आईला वाटणार नाही, आणि वाटले नाही. ताईंनी मला मुलांची यादी लिहून द्यायला सांगितले, कारण वर पाठवायची यादी सुवाच्य अक्षरात हवी होती. मी नावे लिहीत गेलो आणि त्या प्रत्येक नावाला म्हणत गेल्या, "हे नाई जानार. हे बी नाई. याची माय पाठवते म्हन्ते, पन आठ दिवस." सासऱ्यांची खाट तेव्हा रिकामी होती, ते पावसाळ्यात गेले होते. आढ्याचा वजनकाटा काढून पोत्यात बांधला होता, कारण तो परत करायचा होता.

आखाजीला मी सकाळी सडकेवर गेलो. आबा शेडपुढे काठी टेकून उभे होते. सनदा मिळाल्यापासून एकाही आखाजीला कोणी गोटे उचललेले नाहीत, तरी आबा दर वर्षी येतात. दादांचा मुलगा वेल्डिंग करीत होता. ठिणग्या आबांच्या पायांपर्यंत येत होत्या. मी आबांना हाताला धरून बाजूला घेतले.

तेवढ्यात ताई पिण्याच्या पाण्याचा हंडा घेऊन तिथून चालल्या होत्या. आबांनी काठी उचलून त्यांच्याकडे रोखली.

"ए पोरी, कोठी चालली? औंदा तोंडाची जागा तुह्या घराची हाये."

मी मनात मोजले. आखणीच्या वर्षी त्यांचे घर चौथे होते. तीन आखाज्या झाल्या. आबांचा हिशेब बरोबर होता.

"हाव आबा," ताई हंडा न उतरवता म्हणाल्या. "माईत हाये मले."

आणि शेडला वळसा घालून त्या घराकडे गेल्या.